आधी फॉर्मलिन

डॉक्टरचा अर्धा कान गेला त्यात ब्लेडबाईचा फायदा किती झाला, ते आधीच मांडून टाकलेलं बरं. मागाहून मांडलं की लोक म्हणतात, बाईला साळसूदपणा चांगला जमतो. तर पहिला फायदा असा, की गेले चार महिने ती रोज एका प्रश्नाशी भांडत होती, हात चुकला की हातानं साधलं, आणि त्या सकाळी अकराच्या सुमारास, सहाव्या कॉटच्या चादरीवर डॉक्टरच्या कानाचा तुकडा पडल्यावर तिला त्याचं उत्तर घरबसल्या मिळालं. दुसरा फायदा तळघरातल्या खोलीचा. त्या खोलीला छताशी लागून एकच खिडकी, तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसत. तिथं पस्तीस वर्षं ती माणसांच्या आतले तुकडे मेणात बसवून, पात्याखाली धरून, कांद्याच्या पापुद्र्यालाही लाज वाटेल इतके पातळ काप काढत आली होती. म्हणून नाव ब्लेडबाई. मोठेमोठे डॉक्टर जिना उतरून दारात उभे राहत, "बाई, झालं का?" विचारत, आणि ती मान वर न करता "पाच दिवस" म्हणे. त्या दोन शब्दांत जे राज्य होतं ते एका चिपनं खालसा करत आणलं होतं. काड्यापेटीएवढी पारदर्शक पट्टी, आत केसाहून बारीक नळ्या. पेशंटच्या उशाशी बसायचं, सुईनं काढलेला ताजा तुकडा तिच्या तोंडात द्यायचा, दोन थेंब घालायचे, आणि वीस मिनिटांत पट्टीवरच्या छोट्या खिडकीत उजेड पडला तर कॅन्सर, नाही पडला तर नाही. मेण नाही, पातं नाही, तळघर नाही. चिप बदनाम झाली तर कुणाचं भलं होतं, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता ती सकाळ. सुताराची बायको चार महिन्यांनी परत आली होती. मागच्या वेळी तिच्या छातीत सुपारीएवढी गाठ होती. चिपनं काही नाही म्हटलं, डॉक्टरनं पाठीवर थोपटून घरी पाठवलं. या वेळी गाठ लिंबाएवढी होती आणि काखेत आणखी दोन आल्या होत्या. दुसरा तुकडा घ्यायला डॉक्टर सुई लावून बसला होता, ब्लेडबाई पायथ्याशी ट्रे धरून उभी होती, आणि सुतार खिडकीला टेकून सगळं शांतपणे ऐकत होता. शांत माणसांची ब्लेडबाईला तशी भीतीच वाटे. आरडाओरडा करणारा आधीच अर्धा खर्ची पडलेला असतो.

"साहेब, तुम्ही म्हणाला होतात काही नाही म्हणून."

"मशीननं तसं दाखवलं होतं."

"मशीनला मी ओळखत नाही. तुम्ही म्हणाला होतात."

"हे बघा, कुठलीही तपासणी शंभरात दोन वेळा चुकते. जगात कुठंही."

"मग आम्ही त्या दोनांतले."

"तसं समजा," डॉक्टर म्हणाला. वाईट नव्हता तो पोरगा. पहाटेपासून उभा होता, आणि थकलेला माणूस सगळ्यात आखूड वाक्य शोधतो. पण ते आखूड वाक्य त्याला महागात पडलं. सुतारानं शेजारचं लोखंडी स्टूल उचललं. उचलताना आधी वजन घेतलं, तोल कुठं आहे ते मनगटानं पाहिलं. हे फक्त ब्लेडबाईच्या लक्षात आलं, कारण हत्यारावर जगणाऱ्याला दुसऱ्या हत्यारवाल्याची ती लकब कळते. पहिला घाव खांद्यावर बसला आणि आत काहीतरी वाळकी फांदी मोडावी तसं वाजलं. दुसरा घाव डोक्याच्या बाजूनं आला, स्टुलाची पत्र्याची कड कानावरून खाली गेली. डॉक्टर ओरडलासुद्धा नाही, नुसता "अरे" म्हणाला, बसमध्ये कुणाचा पाय पडल्यावर म्हणतात तसं, आणि कॉटच्या लोखंडी कडेवर तोंड आपटून खाली गेला. तिसरा, चौथा, पाचवा घाव तो जमिनीवर असताना. सुतार सगळे एकाच जागी मारत होता, फासळ्यांवर, खिळा पूर्ण आत जाईपर्यंत जसा एकाच जागी मारतात. सुताराची बायको कॉटवर उठून बसली, छाती उघडीच, आणि म्हणाली, "अहो, पुरे आता." जेवताना वाढणाऱ्याला म्हणावं त्या आवाजात. आणि तो खरंच थांबला. स्टूल होतं तिथं नीट ठेवलं. दोन रखवालदारांनी येऊन त्याचे हात पिरगाळले, एकानं त्याच्या पोटात गुडघा घातला, दुसऱ्यानं तोंड भिंतीवर दोनदा घासलं, तर त्यानं तेही करू दिलं.

आणि चादरीवर तो तुकडा होता. पाळीसकट कानाचा खालचा भाग, बोटाच्या पेराएवढा, एका कडेला सुबक कापलेला, दुसऱ्या कडेला फाटलेला. ब्लेडबाईनं पाहिलं, आणि पाहिलं म्हणेपर्यंत तिच्या उजव्या हातानं चिमटा घेतला होता, तुकडा उचलला होता, ट्रेमधल्या बाटलीचं झाकण अंगठ्यानं उडवून आत सोडला होता, झाकण फिरवून बाटली दोनदा उलटी-सुलटी केली होती. चार सेकंद. कुणी शिट्टी वाजवत चालावं इतकं सहज. दहा मिनिटांनी टाके घालणारा सर्जन धावत आला. डॉक्टरच्या डोक्याला धरून बसलेल्या नर्सला म्हणाला, "तुकडा सापडला का? सलाइनच्या फडक्यात ठेवलाय ना? बसवता येईल."

"माझ्याकडे आहे," ब्लेडबाई म्हणाली.

"द्या लवकर. कशात आहे?"

"बाटलीत."

"कसल्या बाटलीत?"

तिनं बाटली पुढं केली. वास त्यानं झाकण न उघडताच ओळखला असावा. फॉर्मलिनमध्ये पडलेलं मांस उकडलेल्या अंड्यासारखं घट्ट होतं, कधी नासत नाही आणि कधी जिवंतही होत नाही. सर्जन तिच्याकडे बघत राहिला. "बाई, लोणचं घातलंत की हो तुम्ही त्याच्या कानाचं," तो म्हणाला, आणि हे विनोदानं म्हटलं की कसं, हे त्यालाही ठरवता आलं नाही.

तेव्हा जे झालं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, पण इथं सांगायला हवं. जमिनीवर डॉक्टर रक्ताचे बुडबुडे काढत होता, आणि ब्लेडबाईच्या पोटातून आनंद वर आला. लाज वाटावी असा निखळ. कारण या पोराशी तिचं काही वैर नव्हतं. त्याचा कान जाऊन तिला दमडीचा लाभ नव्हता. तरी हातानं तेच केलं. म्हणजे चार महिन्यांपूर्वीही हातानंच केलं होतं, तिनं नाही. एका माणसाच्या कानाच्या मोलानं तिला स्वतःच्या हाताच्या चारित्र्याचा दाखला मिळाला होता.

हाताला ते शिकवलं थोरल्यांनी. तळघरात तिच्या आधी जे होते, त्यांना सगळे थोरले म्हणत. त्यांना मूल नव्हतं, मित्र नव्हता, एक स्टीलची फूटपट्टी होती. ती तेव्हा बावीस वर्षांची, नुकतं लग्न झालेलं, बोटांना अजून हळदीचा रंग. तुकडा वरून आला आणि तो बाटलीत जायला अर्धं मिनिट लागलं की फूटपट्टीची कड पेरांवर बसायची. चापट नव्हे, कड. "मांस नासतंय आणि तू पदर सावरतेस? पेशंट मेला तर तुझ्या बापाचं काय जातंय?" पहिल्या वर्षी तिची नखं दोनदा काळी पडून गळाली. रात्री नवऱ्यानं हात हातात घेतला की ती कळ दाबून हसायची, आणि त्याला वाटायचं लाजली. थोरले तिसऱ्या वर्षी म्हणाले, आता तू झोपेतसुद्धा चुकणार नाहीस, आणि ते खरं होतं. एकदा बाजारात कसायाच्या ओट्यावरून काळजाचा तुकडा घरंगळला तर तिचा हात पर्समध्ये बाटली शोधत होता. पोर पडून गुडघा फुटला, सालपट लोंबत होतं, तेव्हाही पहिल्या क्षणी तिला आई म्हणून काही सुचलं नव्हतं. आधी फॉर्मलिन. मग देव, मग नवरा, मग मूल. थोरल्यांच्या तेराव्याला लोकांनी फुलं वाहिली. ती आपल्या पेरांकडे बघत होती. इतकं मारून शिकवलेलं विसरायला माणसाला दुसऱ्या कुणीतरी तितकंच मारावं लागतं, आणि चिपवाला तर बिचारा गोड बोलून शिकवायला आला होता.

चिपवाला कंपनीचा माणूस, टाय घालायचा आणि सगळ्यांना मॅडम म्हणायचा, झाडूवालीलासुद्धा. त्यानं तीन दिवस तिला वॉर्डात शिकवलं. सुईनं दोन तुकडे घ्यायचे, पहिला ताजा सलाइनमध्ये, तिथून चिपमध्ये. दुसरा जुन्या पद्धतीनं फॉर्मलिनमध्ये, खाली तळघरात, ताळा पडतो का बघायला. "क्रम विसरायचा नाही हं मॅडम. चिपला जिवंत पेशी लागतात. फॉर्मलिनचा हात लागला की आमची चिप आंधळी." ब्लेडबाई म्हणाली, "आंधळी झाली तर तिला कळतं का?" तो हसला. "नाही ना. ती आपली म्हणणार, मला काही दिसत नाही. खिडकीशेजारी ती निळी रेघ येते, ती फक्त पाणी वाहिलं एवढंच सांगते." तेव्हा तिला तो फार आवडला. धंद्याचा दोष इतक्या मोकळेपणानं सांगणारा विक्रेता तिनं पाहिला नव्हता. तरी तो निघून गेल्यावर ती ट्रेवर दोन्ही बाटल्या मांडून एकटीच बसली, आणि तिच्या हातानं त्या दोनदा अदलाबदल केल्या.

मग तो चार महिन्यांपूर्वीचा दिवस. सुईची बंदूक खट् झाली, सुताराच्या बायकोनं ओठ चावला, इतका की दातांवर रक्त आलं. डॉक्टरनं सुई पुढं केली, आणि सुईच्या खाचेतला शेवईएवढा पांढरा तुकडा ब्लेडबाईनं चिमट्यानं उचलून फॉर्मलिनमध्ये सोडला. एक. दोन. दोनाला तिला कळलं. बाहेर काढला, सलाइनमध्ये धुतला, दोनदा धुतला. डॉक्टर पाठमोरा होता, दुसरी सुई भरत होता. दुसरा तुकडा आला तो नुसता चरबीचा भुगा. आता सांगायला हवं होतं, की पहिला बाटला, तिसरा घ्या. बाईच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं, ती म्हणत होती, "झालं ना ताई? आता नाही ना?" ब्लेडबाईनं धुतलेला तुकडा चिपच्या तोंडात दिला. वीस मिनिटं ती उशाशी बसून राहिली. निळी रेघ आली. खिडकी काळीच राहिली. डॉक्टर पोरासारखा हसला, बाईच्या पाठीवर थोपटलं, आणि सुतार ब्लेडबाईच्या पाया पडायला वाकला तर ती मागं सरली. पुढं पाच दिवसांनी चरबीच्या भुग्यावर तिनंच तळघरातून लिहून पाठवलं, नमुना अपुरा, पुन्हा घ्यावा. मोठ्या डॉक्टरची सही घेऊन. तो कागद या धाकट्या डॉक्टरनं वाचला आणि फाइलला लावला. चिपनं काही नाही म्हटलंय, कशाला बाईला पुन्हा टोचा. म्हणजे थोडं त्याच्याही वाट्याला येतं. हे ती चार महिने घोकत आली होती. लिहिलं होतं मी. पुन्हा घ्यावा असं स्पष्ट लिहिलं होतं.

मारहाणीच्या संध्याकाळी ती घरी काकडी चिरत होती. नवरा टेबलापाशी जुनं घड्याळ उघडून बसला होता. निवृत्तीनंतर तो लोकांची घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणजे उघडायचा. "काकडी आहे ती," तो म्हणाला. "पेशंट नाही. पलीकडचं दिसतंय तिच्यातून." तिनं सुरी ठेवली आणि सगळं सांगितलं. कान, बाटली, चार महिने, एक, दोन. तो भिंग डोळ्याला लावूनच ऐकत होता, त्यामुळं त्याचा एक डोळा तिला भला मोठा आणि ओला दिसत राहिला.

"तुला कुणी विचारलंय?"

"नाही."

"चौकशी?"

"उद्या आहे. पण ती सगळी चिपवर चाललीय. चिपवाल्याला बोलावलंय."

"मग न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कशाला? तुझं वर्ष राहिलंय एक. चिपला ना पेन्शन ना अब्रू. येऊ दे की तिच्यावर." मग भिंग काढून तो जरा हळू म्हणाला, "आणि तुझा हात चुकला. हाताला काय फाशी देतात?"

हेच तिला ऐकायचं होतं, आणि नेमकं तेच ऐकल्यावर तिला शिसारी आली. रात्रभर तिला स्टुलाचे घाव ऐकू येत राहिले, आणि प्रत्येक घावाला ती मोजत होती, हा माझा, हा माझा.

दुसऱ्या दिवशी चौकशीत हॉस्पिटलच्या साहेबांनी तिला दोनच प्रश्न विचारले. तुम्ही हजर होतात? चिप नियमाप्रमाणे वापरली? ती म्हणाली, "क्रम चुकला होता." साहेबांनी कागदावरून मान वर केली. "कसला क्रम?" "बाटल्यांचा." साहेब मोठ्या समंजसपणानं हसले. "बाई, तुम्ही काल जे पाहिलंत त्यानं कुणाचंही डोकं फिरेल. घरी जा. विश्रांती घ्या." चिपवाला कोपऱ्यात टाय सैल करून बसला होता, त्यानं मात्र ऐकलं. तिच्याकडे एकदा बघितलं, आणि मान खाली घातली. शंभरात दोन ही सगळ्यांच्या सोयीची गोष्ट होती. बाटल्यांचा क्रम कुणालाच नको होता.

म्हणून ती सहाव्या कॉटकडे गेली. सुताराची बायको उशीला टेकून बसली होती, शेजारी स्टीलचा पेला, पाणी तसंच. नवरा कोठडीत होता. फर्निचरला पॉलिश करून करून तिची बोटं कडेनं तपकिरी आणि दणकट झाली होती. ब्लेडबाई स्टुलावर बसली, त्याच. मग लक्षात आलं आणि उठली. उभं राहून तिनं सांगितलं, थोरल्यांच्या फूटपट्टीपासून सगळं, कारण तिला वाटत होतं की ते सांगितल्याशिवाय हाताचं निर्दोषपण कळणार नाही. कानाचंही सांगितलं, पुरावा म्हणून.

बाई ऐकत राहिली. मधेच एकदा तिनं गाठीवर तळवा ठेवला, कुणी तिथं ऐकत असल्यासारखा.

"म्हणजे हात आपोआप गेला."

"हो."

"मानलं. आमचाही जातो. ह्यांना झोपेत रंधा मारताना पाहिलंय मी." ती थांबली. "मग तुम्हाला कळलं कधी? काल?"

ब्लेडबाई चादरीची सुरकुती सरळ करू लागली.

"ताई, कळलं कधी?"

"तेव्हाच. दोन मोजेपर्यंत."

"आणि वीस मिनिटं तुम्ही माझ्या उशाशी बसला होतात."

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं, झालं ना म्हणून."

"हो."

"हात चुकला. तोंड कुठं गेलं होतं तुमचं?"

या प्रश्नाचं उत्तर ब्लेडबाईला येत होतं. तिला आठवत होतं, ती काळी खिडकी बघताना तिच्या मनात काय आलं होतं ते. दया नव्हती. बाईला पुन्हा टोचायला नको, ही सबब तिनं नंतर, जिना उतरताना शोधली. त्या वेळी मनात आलं होतं एवढंच, की झाली आंधळी, बघू आता काय करतात. ते ती म्हणाली. हळू, पण सगळे शब्द म्हणाली.

पेला कधी उचलला ते तिला दिसलं नाही. तोंडावर बसला तेव्हा आधी पाणी लागलं, गार, आणि मग दातांच्या मुळाशी एक पांढरा कडाका. दुसऱ्यांदा बसला तेव्हा पेल्याचा काठ वाकला. सुताराच्या बायकोचा श्वास लागला होता, सलाइनची सुई उपसून हातातून रक्त चादरीवर येत होतं, आणि ती तिसऱ्यांदा हात उगारून थांबली, आपणहून, कुणी पुरे म्हणायला नव्हतं म्हणून. ब्लेडबाईच्या जिभेवर दाताचा तुकडा होता. तिनं तो तळहातावर घेतला. हात बाटलीकडे गेला नाही. जवळ बाटली नव्हती, हेही खरं.

"हे लिहून दिलंत तर ह्यांना सोडतील?"

"सोडणार नाहीत. कमी करतील."

"मग लिहा."

नर्स धावत आली. "काय झालं, बाई?" ब्लेडबाई ओठावर पदर दाबून म्हणाली, "कागद दे. रेघांचा असला तर बरं." तिनं उभ्यानं, कॉटच्या टेबलावर लिहिलं. हात जराही हलला नाही, अक्षर लेबलांवरच्यासारखंच सुटं आणि वळणदार आलं. सुताराची बायको एका बोटानं कागदाची कड धरून बसली होती, आणि कुठं थांबलं की म्हणायची, "पुढं." बाटल्यांचा क्रम लिहिला. दोन सेकंद लिहिले. वीस मिनिटं लिहिली. मनात आलं ते लिहिताना ती थांबली तेव्हा बाईनं नुसता वाकलेला पेला टेबलावर सरळ ठेवला.

तो कागद साहेबांना घ्यावाच लागला, कारण नर्सनं तो आधी सगळ्या वॉर्डाला वाचून दाखवला होता. चिप निर्दोष ठरूनही परत गेली. चिपवाला खोकी उचलताना म्हणाला, "मॅडम, पोरगी हुशार होती हो माझी," आणि त्या वॉर्डात आलेल्या पुढच्या बायका पाच-पाच दिवस जिन्यावर बसून राहिल्या, ज्यातल्या एकीलाही हे का, ते कुणी सांगितलं नाही. डॉक्टरनं अर्धा कान दिला आणि उजव्या खांद्याची वरची हालचाल. सुई आता तो डाव्या हातानं शिकतो आहे. ब्लेडबाईनं दोन दात दिले आणि तळघराची किल्ली. सुताराला पोलिसांनी मांडलेल्यापेक्षा निम्मी शिक्षा झाली, चौदा महिने. बायको त्याला भेटायला दर पंधरवड्याला जायची, डोक्याला रुमाल बांधून, शेवटी शेवटी नणंदेच्या खांद्यावर हात टाकून. ती अकराव्या महिन्यात गेली.